डिझेल मेकॅनिक की एसी-फ्रिज मेकॅनिक? मशीन कुणाचं काम आधी खाईल?

तुम्ही विचारलंय की बारावी झाली, आयटीआयला डिझेल आणि एसी-फ्रिज असे दोन्ही ट्रेड मिळतील, तर पुढे मशीन कुणाची भाकरी आधी पळवेल आणि पैसा कुठे जास्त. मी डिझेलवाला. धुळ्याबाहेर हायवेला गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. माझा साडू सावद्याला केळीच्या कोल्ड स्टोरेजची आणि घरगुती एसीची कामं करतो. त्यामुळे दोन्ही धंद्यांचं रडगाणं मला घरबसल्या ऐकायला मिळतं.

आधी नेटवर फिरणारे आकडे. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न या दोघांनी ७०२ व्यवसायांना कॉम्प्युटरपासून किती धोका आहे ते मांडलं. त्यात डिझेल मेकॅनिक ७३ टक्के, एसी-फ्रिजवाला ६५. पगार म्हणाल तर अमेरिकेत दोघांचाही वर्षाला साठ हजार डॉलरच्या आसपास, डिझेलवाला जरा वर. पण हे सगळं तिकडच्या कामावरून काढलेलं. शिवाय काम मशीनला जमेल का एवढंच त्यांनी पाहिलं, कधी जमेल ते नाही. या आठ टक्क्यांच्या फरकावर मी तरी दोन वर्षं लावणार नाही.

माझ्या धंद्यात मशीनने आधी माझा कान घेतला. उस्तादने शिकवलं होतं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. कोणता सिलिंडर मिस मारतोय ते लगेच कळायचं. गिऱ्हाईक त्या कानाचे पैसे द्यायचं. मग एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांच्या गाड्या आल्या.

मागच्या पावसाळ्यात शिरपूरकडचा एक ड्रायव्हर बिजासन घाटातून गाडी परत फिरवून माझ्याकडे आला. म्हणे, "भाऊ, गाडी चढावर वढसच नही." केबिन उचलली, तर इंजिनचा आवाज एकदम साफ. डिझेल, हवा, टर्बो सगळं ठीक. मीटरवर फक्त युरियाचा दिवा (या गाड्यांत धुरातलं प्रदूषण कमी करायला युरियाचं पाणी टाकतात). सायलेन्सरमधला धूर मोजणारा सेन्सर गेला होता आणि गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच ताकद कमी करून ठेवली होती. माझ्या बाजारातल्या स्कॅनरने कोड वाचला, मी सेन्सर बदलला, पण कोड काही पुसला जाईना. त्याला कंपनीचा लॅपटॉप लागतो आणि तो आम्हाला मिळत नाही. गाडी शेवटी शोरूमला गेली. दोन तासांचे मला सातशे रुपये मिळाले, ते पण ड्रायव्हर भला म्हणून. इंजेक्टरचंही तसंच. नवा बसवला की त्याच्यावरचा नंबर गाडीच्या कॉम्प्युटरला सांगावा लागतो, तेव्हा कुठे गाडी नीट चालते.

म्हणजे हात लागतोच, रोबोट काही ट्रकखाली झोपायला येत नाही. पण डोक्याचं काम शोरूमकडे गेलं की रस्त्यावरच्या गॅरेजला क्लच, ब्रेक, ग्रीसिंग उरतं. आणि बॅटरीच्या गाड्यांत तर इंजिन ऑइल, इंजेक्टर, क्लच, सायलेन्सर काहीच नाही. जड ट्रकला वेळ लागेल, छोट्या मालवाहू गाड्या आत्ताच रस्त्यावर दिसतात.

आता साडू. गेल्या मे महिन्यात मी त्याच्याकडे मुक्कामी होतो. रात्री दीड वाजता फोन. एका कोल्ड स्टोरेजच्या मालकाच्या मोबाइलवर अलार्म वाजला होता, तापमान सतरावर. केळी तेरा-चौदा अंशांवर ठेवावी लागते. त्याच्या खाली गेली तर साल काळी पडते, वर गेली तर पिकायला लागते आणि एक घड पिकला की त्याच्या वायूने शेजारचेही पिकतात. अलार्मने 'हाय प्रेशर' एवढं बरोबर सांगितलं होतं. पण पत्र्यावर चढायचं कोणी? दिवसभर ४५ अंशांत तापलेला पत्रा त्या वेळीही कोमट होता. मी खालून बॅटरी धरली. कंडेन्सरच्या, म्हणजे वर बसवलेल्या गरमी बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या, एका पंख्याची मोटर जळलेली, जाळीत धुळीचा थर. त्याने बंद पडलेल्या दुसऱ्या युनिटची मोटर काढून बसवली, जाळी पाण्याने धुतली. चारला तापमान उतरायला लागलं. मालकाने साडेतीन हजार मोजले आणि घासाघीस केली नाही. आत लाखोंचा माल होता ना.

त्याचंही सगळं गोड नाही. चैत्र ते ज्येष्ठ जेवायला फुरसत नसते, आषाढात फोन वाजत नाही. घरगुती एसीच्या सर्व्हिसिंगला गल्लीगल्लीत पोरं झाली, पाचशेच्या वर कोणी देत नाही. इन्व्हर्टर एसीचा बोर्ड गेला की दुरुस्ती कमी, बदलणंच जास्त. गॅसही बदलत चाललाय. जुना आर-२२ आपल्याकडे २०३० पर्यंत बंद व्हायचा आहे आणि नव्या आर-३२, आर-२९० ला आग लागू शकते, म्हणजे जुन्या सवयीने वेल्डिंगची बत्ती लावली तर संपलं.

पैशाचं सांगतो. माझ्याकडचा मिस्त्री महिना बावीस हजार नेतो, बारा महिने. साडूचा माणूस वर्षाची सरासरी काढली तर तेवढाच. फरक मालकाच्या कमाईत आहे. साडूकडे चार कोल्ड स्टोरेजचे वार्षिक ठेके आहेत, माझ्याकडे ठेका एकही नाही.

मला विचाराल तर एसी-फ्रिज घ्या. डिझेलचा ट्रेड एका वर्षाचा आहे आणि याला दोन लागतात, तरी घ्या. फक्त अप्रेंटिसशिप घरगुती एसीच्या दुकानात करू नका, रावेर-सावदा पट्ट्यात कोल्ड स्टोरेजवर करा. आणि फॉर्म भरण्याआधी एकदा उंच पत्र्यावर चढून बघा. पाय लटपटले तर डिझेलच बरं. माझेही लटपटतात, म्हणून त्या रात्री मी खाली बॅटरी धरून उभा होतो.