काळ्या मातीतला वाळूचा थर हा जुन्या त्सुनामीचा पुरावा मानता येईल का?

भाऊ, तुमचा प्रश्न असा: दर्यापूर तालुक्यात पूर्णेचा काठ ढासळला, काळ्या मातीखाली पांढरट थर आणि शिंपले उघडे पडले, विहिरीचं पाणीही खारं आहे, मग इथं कधी त्सुनामी आली होती का, आणि समुद्रकाठी असा पुरावा कसा शोधतात?

त्सुनामी आलेली नाही. समुद्र तिथून चारशेहून जास्त किलोमीटर लांब आहे आणि तुमची जमीन समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरपेक्षा उंच. 2011 च्या त्सुनामीत जपानात पाणी सगळ्यात उंच चढलं ते 40 मीटरच्या आसपास. खारपाणपट्ट्यातला, म्हणजे तुमच्याकडच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातला, खारेपणा समजायला लाट लागत नाही; कमी पाऊस, चिकण गाळ आणि निचऱ्याचा अभाव असला की क्षार साठत जातात. शिंपले नदीतही असतात. पण तुमच्या काठात जुन्या भूकंपाची खूण असू शकते, आणि ती बघण्यासारखी आहे.

आधी समुद्रकाठचं. भरतीचं पाणी येणाऱ्या दलदलीत किनाऱ्याला काटकोनात एक रेघ धरतात आणि दर 25-50 मीटरवर अर्धगोल नळीचा गिरमिट हाताने दाबून मातीचा गाभा काढतात. शोधायचा असतो तो क्रम: खाली गवतमुळांची काळपट माती, तिच्यावर एकदम वाळू, वाळूवर भरतीचा करडा चिखल. भूकंपात किनारा एका झटक्यात खचला, लाटेने वाळू आणून टाकली आणि मग ती खोलगट जागा रोजच्या भरतीखाली गेली, असा त्याचा अर्थ. अमेरिकेच्या वॉशिंग्टन किनाऱ्यावर ब्रायन अॅटवॉटर यांनी 1980 च्या दशकात हेच दाखवलं. तिथं खाऱ्या पाण्याने मेलेल्या रेड सीडर झाडांच्या खोडातली वाढीची वर्तुळं मोजली तेव्हा मरण ऑगस्ट 1699 ते मे 1700 यांच्या मधलं निघालं, आणि जपानच्या जुन्या दप्तरांत जानेवारी 1700 च्या एका अशा लाटेची नोंद होती जिच्याआधी तिथं कुणाला धक्का जाणवलाच नव्हता. दोन्ही जुळल्यावर भूकंपाची तारीख ठरली, 26 जानेवारी 1700.

नुसती वाळू दिसली म्हणून त्सुनामी म्हणता येत नाही, वादळही वाळू टाकतं. त्सुनामीचा थर आत जाताना पातळ होत जातो, बऱ्याचदा खाली जाड आणि वर बारीक कण असतात, तळाशी खालच्या मातीचे उपटलेले गोळे अडकलेले असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली समुद्रातल्या डायटमांची (अतिसूक्ष्म शेवाळांची) कवचं दिसतात. वादळाच्या थरात बारीक पापुद्रे जास्त असतात आणि तो बहुधा किनाऱ्याजवळच संपतो. तरी एकट्या खुणेवर कुणी निकाल देत नाही. उलट बाजूही आहे: 2011 मध्ये जपानच्या सेंदाई मैदानात पाणी साडेचार किलोमीटर आत गेलं, पण डोळ्यांना सहज दिसणारी वाळू तीन किलोमीटरच्या आतच संपली. म्हणजे वाळू जिथं संपते तिथं लाट संपली, असं धरलं तर लाट लहान ठरते.

आता पूर्णा. नदीकाठी खाली पाण्याने भरलेली सैल बारीक वाळू आणि वर चिकण मातीचं झाकण असेल, तर मोठ्या धक्क्यात वाळू पाण्यासारखी पातळ होते आणि माती फाडून वर उसळते. साधारण 5.5 तीव्रतेच्या पुढच्या भूकंपात हे घडतं. मागे उरते वाळूची उभी शीर, खालच्या वाळूला जोडलेली, वर जाताना बहुधा निमुळती.

इथंच आपल्याकडे हमखास फसगत होते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात वरची वाळूमाती त्या भेगांत भरते. लांबून ती भूकंपाच्या शिरेसारखीच दिसते. फरक तळाशी कळतो: भेग वर रुंद असते आणि खाली जाता जाता मातीतच संपते, भूकंपाची शीर खालच्या वाळूपर्यंत सलग जाते. मुळांची आणि खेकड्यांची बिळंही वाळूने भरतात, पण ती गोल आणि वेडीवाकडी असतात. शिवाय पुराने ओल्या चिखलावर वाळूचं ओझं टाकलं तरी थर लोंबल्यासारखे वाकतात. म्हणून त्याच पातळीवर काही किलोमीटरपर्यंत तशाच खुणा मिळाल्या, तरच भूकंपाचं नाव घ्यावं.

काठ हिवाळ्यात बघा, पाणी उतरलेलं असतं आणि पुराने कापलेला भाग ताजा असतो. दरडीला वरून भेग असेल तर खाली उभं राहू नका. खुरप्याने एक मीटर रुंद पट्टा उभा खरवडा, थोडं पाणी शिंपडा म्हणजे थर उठून दिसतात, टेप लावून फोटो घ्या आणि दर 10 सेंटीमीटरला रंग, कण आणि थराची कड तीक्ष्ण आहे की विरत जाते ते वहीत लिहा.

पांढरा थर दोन प्रकारचा असू शकतो. संडास साफ करायच्या आम्लाचे दोन थेंब तोंड लांब ठेवून टाका. फसफसलं तर चुनखडी. फसफसलं नाही आणि पिठासारखं बारीक, पण बोटांत किंचित कचकचतं असेल, तर ज्वालामुखीची राख असू शकते. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची सुमारे 74,000 वर्षांपूर्वीची राख पूर्णेच्या गाळात सापडलेली आहे. तसा थर असेल तर तो अजिबात उकरू नका. त्याच्या वरखालच्या सगळ्याच गोष्टींचं वय त्यावरून लावता येतं.

वयासाठी कोळशाचा तुकडा मिळाला तर हात न लावता चिमट्याने अॅल्युमिनियमच्या कागदात ठेवा. कोळशातल्या कार्बनवरून वय काढायची ही रेडिओकार्बन पद्धत साधारण 50,000 वर्षांपर्यंतच चालते. वरून उतरलेलं मूळ वय कमी दाखवतं, वाहून आलेला जुना कोळसा जास्त दाखवतो, आणि शिंपल्यात पाण्यातला जुना चुना मुरलेला असतो. वाळूचं वय प्रकाशावरून काढतात, म्हणजे कणांना शेवटचं ऊन कधी लागलं ते मोजतात. त्यासाठी 20-25 सेंटीमीटरचा लोखंडी पाइप स्वच्छ केलेल्या थरात ठोकून दोन्ही तोंडं लगेच काळ्या प्लास्टिकने बांधावी लागतात. आत ऊन शिरलं की नमुना बाद. हे काम प्रयोगशाळेशी बोलल्याशिवाय करू नका.

फोटो, वहीची पानं आणि मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश घेऊन नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे किंवा अमरावती विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाकडे जा. तोवर त्या जागी जेसीबी लागू देऊ नका, आणि शीर तळाशी वाळूला जोडलेली आहे का याचा जवळून घेतलेला फोटो इथंही टाका.