नवीन व्हीआर (आभासी जग दाखवणारा) हेडसेट घेतलाय? आधी एवढं करा

अभिनंदन! पहिल्याच दिवशी तासभर खेळायचा मोह होईल, तो आवरा. सुरुवातीला 10-15 मिनिटं पुरेत.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे मळमळ सहन करत खेळत राहणं. डोळ्यांना वाटतं आपण धावतोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते शरीर जागेवरच आहे. या विसंगतीमुळे गरगरतं. तोंडाला पाणी सुटलं, घाम आला की लगेच हेडसेट काढा. 'सवय होईल' म्हणून रेटलंत तर त्रास वाढतो, मी त्यात अख्खी संध्याकाळ आडवा पडून काढली आहे. सवय होते, पण रोज थोडं थोडं खेळून. आधी एका जागी उभं राहून खेळायचे गेम घ्या, धावण्या-उडण्याचे नंतर.

बाकीचं थोडक्यात:

- साधारण 2 मीटर बाय 2 मीटर जागा मोकळी करा, हेडसेटमध्ये तिची सीमा आखून घ्या. वर पंखा आहे का, तेही बघा.
- कंट्रोलरचा पट्टा मनगटात हवाच.
- चित्र धूसर दिसतंय? भिंगांमधलं अंतर स्वतःच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधल्या अंतराशी जुळवा.
- भिंगांवर ऊन पडू देऊ नका, आतला पडदा जळतो.

खेळून उठल्यावर डोकं गरगरत असेल तर गाडी चालवू नका. अपस्माराचा त्रास किंवा पेसमेकर असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट डोक्यावर चढवूच नका.