दोन वर्षे उभी असलेली जुनी स्प्लेंडर: कार्ब्युरेटर घरी साफ करता येईल का?
होय, येईल, आणि चोक ओढल्यावर गाडी जेमतेम सुरू होऊन तो बंद करताच विझत असेल, तर दोष बहुधा स्लो जेटमध्येच (इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या नळीत) आहे. फ्लोट चेंबरमधील (कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतील) पेट्रोल उडून गेल्यावर मागे चिकट थर उरतो, आणि स्लो जेटचे छिद्र मेन जेटपेक्षा (वेगात पेट्रोल पुरवणाऱ्या जेटपेक्षा) बरेच बारीक असल्यामुळे आधी तेच बुजते. टाकीचा कॉक बंद करून, विस्तवापासून दूर, उघड्या जागेत चेंबर रिकामा करावा, रबरी भाग बाजूला ठेवून जेटमध्ये कार्ब्युरेटर क्लीनर फवारावा आणि छिद्रातून उजेड आरपार दिसतो का ते पाहावे. जेट पितळेचा, म्हणजे मऊ धातूचा असल्याने त्यात पोलादी तार घालू नये (गॅरेजमध्ये ती सर्रास घातली जाते, तरीही); छिद्र किंचित मोठे झाले तरी पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते. हवेचा स्क्रू (मंद चालीत हवेचे प्रमाण ठरवणारा) काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत किती फेरे बसतात ते लिहून ठेवावे. मात्र टाकी आतून गंजलेली असल्यास आधी ती धुऊन घ्यावी, अन्यथा गंजाचे कण पुन्हा त्याच जेटमध्ये अडकतील.