पर्समधल्या तीन पट्ट्या

खुर्चीत बसता बसताच ताईंनी पर्स उघडली आणि माझ्या टेबलावर गोळ्यांच्या तीन पट्ट्या मांडल्या. एक बी-कॉम्प्लेक्सची, एक मल्टिव्हिटॅमिनची, तिसरी मेडिकलवाल्याने ‘टेन्शनवर चांगली आहे’ म्हणून दिलेली. "मॅडम, व्हिटॅमिनं घेतली की शरीराला ताण सोसतो म्हणतात. चार महिने घेतेय. मग मला गुण का येत नाही?"

माझ्याकडे समुपदेशनाला येणारे फार जण हा प्रश्न विचारतात, म्हणून ताईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत बदलून सांगते.

वय 46, सांगलीत एका पतसंस्थेत कॅशियर. सासूबाईंना पक्षाघात होऊन दीड वर्ष झालेलं. त्यांची कूस बदलायला रात्रीतून दोनदा उठायचं. सकाळी सहाला चहा, दहाला चहा. डबा बऱ्याचदा न उघडताच घरी परत. "काउंटर सोडून उठवत नाही, आणि संध्याकाळपर्यंत भूकच मेलेली असते."

मी विचारलं, हातापायाला मुंग्या येतात का? तळपायाला येत होत्या, रात्री जास्त. ताई पूर्ण शाकाहारी, दूध चहापुरतंच. शिवाय तीन वर्षं ॲसिडिटीची गोळी रोज उपाशीपोटी. इथे मी थबकले. बी-12 हे व्हिटॅमिन मुख्यतः मांसाहार, अंडी, दुधातून मिळतं. अन्नातलं बी-12 मोकळं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, आणि ती गोळी नेमकं तेच कमी करते. बी-12 कमी पडलं की थकवा येतो, चिडचिड होते, विसरायला होतं, मन उदास राहतं. आपण ज्याला ताण म्हणतो तो अगदी असाच दिसतो! म्हणून अशा वेळी नुसतं बोलत बसणं मला पटत नाही. मी त्यांना आधी फिजिशियनकडे पाठवलं.

रिपोर्टमध्ये बी-12 होतं 148. साधारण 200 च्या खाली कमतरता धरतात. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, ॲसिडिटीच्या गोळीचा फेरविचार केला आणि तीनपैकी दोन पट्ट्या बंद केल्या. तिन्हींत बी-6 होतं, आणि ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर नसांनाच इजा करतं. ताईंना वाटायचं, लघवी पिवळीधमक होतेय म्हणजे गोळी लागू पडतेय. तो रंग बी-2 चा, शरीराने वापरून उरलेल्या, बाहेर टाकलेल्या.

सहा आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा मुंग्या कमी होत्या, अंगात त्राण आलं होतं. पहाटे तीनची जाग मात्र तशीच. मुलगा "आज मी उठतो" म्हणाला तरी डोळे उघडायचेच.

कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी, त्यात हयगय नको. काही अभ्यासांत बी-गटाच्या गोळ्यांनी ताण थोडा कमी जाणवल्याचं दिसलंय, पण तो फरक लहान आहे. ताईंच्या दीड वर्षाच्या जागरणाला तो पुरणारा नव्हता.

पुण्याचे दीर दीड वर्षात फक्त दिवाळीला येऊन गेले होते. ताईंनी त्यांना कधी काही म्हटलंच नव्हतं. "बोललं की वाईटपणा येतो, मॅडम."

मग दोन बैठका आम्ही एकाच वाक्यावर घालवल्या. "भाऊजी, महिन्यातून दोन शनिवार-रविवार तुम्ही इथे येऊन आईंजवळ झोपा." पहिल्यांदा म्हणताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की शेवटचं ‘जमलं तर’ मला जेमतेम ऐकू आलं. ते ‘जमलं तर’ गळायला दुसरी बैठक लागली. एकदा त्या रडल्याही. मी घाई केली नाही.

परवा फोन आला. डबा आता दीड वाजता उघडतात, शिपाईमामा तेवढ्यापुरते काउंटरजवळ थांबतात. आणि हसून म्हणाल्या, "शनिवारी भाऊजी येतायत. मी आतल्या खोलीत झोपणार आहे, दार लावून."