ओहलीबाचे वकील

प्रश्न : आमच्या चर्चच्या महिला मंडळात बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 23वा अध्याय वाचायला घेतला. ओहला-ओहलीबा या बहिणींच्या भानगडी ऐकून बायकांनी अर्ध्यातच शास्त्र मिटलं. संदेष्ट्याने हे असलं का लिहावं? – एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : ताई, मिटलंत त्याचं नवल नाही. पण प्रकरण घरातलं नाही, दरबारातलं आहे. ओहला म्हणजे शोमरोन, उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी; ओहलीबा म्हणजे यरुशलेम, दक्षिणेकडच्या यहूदाची राजधानी. शहरांची ही नावं यहेज्केलच सांगून टाकतो. आता यार कोण ते बघा : निळ्या पोशाखातले अश्शूरी (असिरियाचे) सुभेदार, नायब, घोडेस्वार. ओहलीबा भिंतीवर हिंगुळाच्या लाल रंगात रंगवलेले खास्दी, म्हणजे बाबेलचे (बॅबिलोनचे), सरदार बघून भाळते आणि काय करते? वकील पाठवते! चिठ्ठी नाही, वकील. कोर्टातले नव्हेत, राजदूत.

16व्या अध्यायात तर तो टोमणाच मारतो : वेश्येला लोक पैसे देतात, तू उलट यारांनाच देतेस. ही खंडणी, दुसरं काय! इस्राएलच्या मनहेम राजाने अश्शूरच्या पूल राजाला 1000 किक्कार (तेव्हाचं मोठं वजन) चांदी मोजली. वसुली धनवानांकडून, माणशी 50 शेकेल (लहान वजन) चांदी. पुढे होशे राजाने खंडणी थांबवून मिसरकडे (इजिप्तकडे) दूत धाडले. इ.स.पू. 722च्या सुमारास शोमरोन पडलं.

मग रूपक नवराबायकोचंच का? कारण मांडलिकाची शपथही एकाच धन्याशी असे. इ.स.पू. 672 मध्ये अश्शूरच्या एसर-हद्दोन राजाने मांडलिकांकडून शपथ घेतली, की युवराज अशुरबनिपालवर स्वतःइतकंच प्रेम करू. प्रेमाची भाषा आधीपासून तहनाम्यात होतीच. इस्राएलाची शपथ परमेश्वराशी; त्याला सोडून परक्यांच्या फौजेवर भिस्त ठेवणं, हाच यहेज्केलच्या लेखी व्यभिचार. तो स्वतः इ.स.पू. 597 मध्ये बाबेलला नेलेला याजक. मागे यरुशलेमात यहूदाचा राजा सिद्कीया बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाला दिलेली शपथ मोडून मिसरकडे घोडे मागत होता. तिथे यहेज्केलचं डोकं फिरलं.

मंडळात आधी 17वा अध्याय घ्या. सिद्कीयाची तीच कथा तिथे गरुड आणि द्राक्षवेलीतून येते, कोणी पुस्तक मिटणार नाही. नंतर 23वा, आणि तो शेवटपर्यंत. तह करणारे राजे-मंत्री सगळे पुरुष. दगड मात्र रूपकातल्या बायकांना, आणि 48व्या वचनात धडा घ्यायचा तोही स्त्रियांनीच! तिथे मंडळाने यहेज्केलशी खुशाल भांडावं. मी भांडतो.