वाचकांचे प्रश्न : ताठर मनगट आणि यंत्राचा आकडा

प्रश्न : पक्षाघातानंतर आखडलेले मनगट हाताने ताणून पाहिले, की सुधारित ॲशवर्थ श्रेणी (हाताने ताणताना जाणवणाऱ्या विरोधाला 0 ते 4 गुण देणारी पद्धत) 2 येते. मनगट मोटरने वळवून विरोध मोजणाऱ्या रोबोटिक यंत्रावर मात्र त्याच रुग्णाचा आकडा दर खेपेला बदलतो. विश्वास कशावर ठेवायचा?

उत्तर : यंत्रावर, पण हात नीट बांधला असेल तरच. ॲशवर्थमध्ये विरोध जाणवतो, तो कशाचा हे कळत नाही. न्यूरॉलॉजिस्ट जेम्स लान्स यांच्या 1980च्या व्याख्येनुसार स्पॅस्टिसिटी, म्हणजे ताणल्यावर स्नायू प्रतिक्षेपाने आपोआप आवळणे, ताणाच्या वेगाबरोबर वाढते. आखूड झालेला स्नायू सावकाश ताणला तरी अडतोच. हा फरक कळायलाच हवा, कारण स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम इंजेक्शनने पहिली अडचण कमी होते, दुसरी नाही.

म्हणून तेच अंतर दोन वेगांनी ताणायचे : सेकंदाला साधारण 5 अंश, मग 200 अंशांच्या वर. संथ फेरीत ईएमजी (स्नायूंतील विद्युत हालचालीची नोंद) शांत असेल, तर मिळालेला टॉर्क (वळवताना होणारा विरोधी जोर) ऊतींच्या कडकपणाचा. जलद फेरीच्या सुरुवातीचा टोकदार उंचवटा बहुतांशी जडत्वाचा असतो. तो स्पॅस्टिसिटीत धरू नका. यंत्राच्या हलत्या भागांचे जडत्व वजा करण्यासाठी हात न बांधता एक रिकामी फेरी घ्यावी.

आकडा हलण्याचे नेहमीचे कारण म्हणजे आस (सांधा ज्या रेषेभोवती वळतो ती) चुकणे. मनगटाचा आस दोन्ही बाजूंच्या हाडांच्या टोकांच्या किंचित पुढे, बोटांच्या बाजूला असतो. तो मोटरच्या आसाशी जुळला नाही, तर पंजा पट्ट्यात सरकतो आणि टॉर्क खोटा येतो. बोटांकडे फार दुर्लक्ष होते. बोटे मिटवणारे स्नायू मनगटावरूनच जातात, त्यामुळे बोटे एकदा सरळ, एकदा मिटलेली असतील तर तुलनाच संपली. कोपर आणि खांद्याचा कोनही लिहून ठेवा. बराच वेळ स्थिर राहिलेला स्नायू पहिल्या ताणाला जास्त अडतो. ती फेरी सोडून द्या. पुढच्या फेऱ्यांत सारखी विश्रांती ठेवा, मात्र यंत्र नेमके कधी हलेल याचा अंदाज रुग्णाला येऊ देऊ नका. बॅक्लोफेन (ताठरपणा कमी करणारे औषध) चालू असेल, तर गोळीनंतर किती वेळाने मोजले तेही नोंदवा.

प्रश्न : इतक्या वेगाने ताणल्यास इजा होईल का?

उत्तर : आधी हाताने सावकाश ताणून मर्यादा शोधा आणि यंत्राचे अडसर त्याच्या काही अंश अलीकडे लावा. थांबवण्याचे बटण रुग्णाच्या चांगल्या हातात द्या. मनगटाला सूज, वेदना किंवा ताजे फ्रॅक्चर असेल, तर जलद फेरी घेऊच नये.