फळा पुसण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझी ईमेल दोनदा वाचली. शेजारच्या खोलीतल्या ज्यू मैत्रिणीच्या दारावरच्या पांढऱ्या फळ्यावर कुणीतरी स्वस्तिक काढलं, खाली शिवी लिहिली, आणि ती लायब्ररीतून परतायच्या आत तू ते बाहीनं पुसून टाकलंस. तिला त्रास नको म्हणूनच पुसलंस, हे मला कळतंय. पण बाळा, तो पुरावा होता आणि तो तिचा होता.

असं पुन्हा दिसलं तर आधी फोटो काढ. एक जवळून, एक खोलीचा नंबर दिसेल असा लांबून. तारीख, वेळ, आणखी कुणी पाहिलं, ते तिथंच उभं राहून लिहून ठेव. मग तिला सांग. तक्रार करायची का, आईवडिलांना कळवायचं का, हे तिचं तिला ठरवू दे. फोटो ग्रुपवर टाकू नकोस, तिचं दार सगळ्या कॅम्पसला दाखवायचा हक्क आपल्याला नाही. जिवाला धोका वाटावा अशी धमकी असेल तरच कुणाला न विचारता सुरक्षा कार्यालयाला फोन कर.

तिनं तक्रार करायची ठरवली तर तिच्यासोबत जा. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं, म्हणून भेटीत जे बोलणं झालं ते त्याच दिवशी ईमेलनं पाठवायला सांग. ‘मला वाईट वाटलं’ एवढंच लिहून भागत नाही. नेमके शब्द काय होते, त्यानंतर कुठला वर्ग बुडला, ती कुठल्या जिन्यानं जायची थांबली, हे सगळं त्यात यायला हवं. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना वंश, रंग किंवा मूळ देशावरून भेदभाव करायला मनाई करतं. त्यात धर्माचा उल्लेख नाही, पण समान वंशपरंपरेच्या आधारावर ज्यू, मुसलमान, शीख, हिंदू विद्यार्थ्यांनाही त्याचं संरक्षण मिळतं. विद्यापीठाला कळवलं की हात झटकायची सोय राहत नाही, म्हणून लेखी कळवणं महत्त्वाचं.

तू विचारलंस, आपलं स्वस्तिक शुभ असतं हे तिला समजावून सांगू का? सांग, पण आत्ता नको. १९२० मध्ये नाझी पक्षानं ते आपल्या झेंड्यावर घेतलं आणि १९३५ मध्ये तोच जर्मनीचा राष्ट्रध्वज झाला. तिच्या दारावर ते काढणाऱ्याच्या मनात आपल्या उंबऱ्यावरची रांगोळी नव्हती. दिवाळीत रांगोळी काढशील तेव्हा तिला आधी बोलाव आणि मग शांतपणे सांग.

१९३७ मध्ये पोलंडच्या विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांसाठी वेगळे बाक ठरवून दिले. त्या बाकांवर बसायला नकार देऊन कितीतरी मुलं अख्खं व्याख्यान उभ्यानं ऐकायची. ज्यू नसलेले काही विद्यार्थी आणि प्राध्यापकही त्यांच्यासाठी उभे राहिले. ल्वूव (तेव्हा पोलंडमधलं, आता युक्रेनमधलं ल्विव) विद्यापीठाचे कुलगुरू कुल्चिन्स्की यांनी त्या आदेशावर सही करण्याऐवजी १९३८ च्या जानेवारीत राजीनामा दिला. पण मला जास्त आठवण येते ती उभ्या राहिलेल्या मुलांची. हातात वही, टेकायला फक्त भिंत.

मी अशी उभी राहिले नाही. तिकडे पीएचडी करत होते तेव्हा प्रयोगशाळेत कुणीतरी ज्यू आणि पैसा यांवर विनोद केला. सगळे हसले म्हणून मीही हसले. समोरच्या सहकाऱ्यानं अर्धवट खाल्लेल्या डब्याला झाकण लावलं आणि तो उठून गेला. त्या झाकणाचा ‘टक्’ आवाज अजून कानात आहे. आपल्याकडे कडक मास्तरांना कौतुकानं हिटलर म्हणतात, त्यात मी वाढले. ते शिकलेलं विसरायला मला फार वर्षं लागली.

गाझाबद्दलची तुझी मतं मला ठाऊक आहेत. ती ठेव, मोर्चालाही जा. इस्रायलच्या सरकारवर टीका करणं म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. पण मेसमध्ये एखाद्या मुलीला ज्यू म्हणून अडवून ‘आधी निषेध कर, मग इथं बस’ म्हणणं हा ज्यूद्वेषच. आणि हिजाब घातलेल्या मुलीला कुणी दहशतवादी म्हटलं तर तिथंही तू तितक्याच तातडीनं पोचलं पाहिजेस. २५ नोव्हेंबर २०२३ ला व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन शहरात तीन पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यातला एक छातीपासून खाली लुळा झाला.

मैत्रिणीला आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींबद्दल जरूर सांग. तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. घरात मराठी बोलणारे ज्यू ऐकून तिला नवल वाटेल. मात्र ‘आमच्याकडे ज्यूंना कधीच त्रास झाला नाही’ अशी फुशारकी मारू नकोस. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत नरिमन हाउसवर हल्लेखोर गेले ते तिथं ज्यू राहतात म्हणूनच.

शुक्रवारी तिनं शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणाला बोलावलंय ना, नक्की जा. घरी केलेले लाडू मात्र विचारल्याशिवाय नेऊ नकोस, कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्याचे धार्मिक नियम, पाळणाऱ्यांकडे भांड्यांचाही प्रश्न असतो. अख्खी फळं ने. आणि फळा पुसल्याचं तिला शुक्रवारच्या आधी सांग.

तुझ्या बाई